दीड वीत, दोन बोटं

४ मार्च, सोमवार

भिंगरीस,

वरती आशीर्वाद लिहायची रीत आहे. ते मी शेवटी लिहीन, तोवर राग उतरला तर.

तुझं पाकीट परवा मिळालं. घरोघरी फोन असताना पत्र कशाला, असं तुझ्या भावोजींनी विचारलं. म्हटलं, फोनवर ती बया स्पीकर लावते. मी एक वाक्य बोलायला घेतलं की मागून बाबांचं हसू येतं, भांडी वाजतात, गाडीचं दार आपटतं, आणि मला जे बोलायचं असतं ते घशातच राहतं. पत्राला स्पीकर नसतो. म्हणून मीही पत्रच लिहिते आहे. हे बाबांना वाचून दाखवू नकोस.

तर तुझ्या त्या गाडीच्या, चाकांवरच्या खोलीच्या छताला एक झरोका आहे, त्याला प्लॅस्टिकचं पांढरट झाकण आहे, आणि उजाडलं की सगळा उजेड थेट बाबांच्या तोंडावर पडतो. लिहितेस, ‘ताई, काढता-घालता येईल असा एक पडदा शिवून दे ना. तुझ्याइतकं नेमकं कुणी शिवत नाही.’ गोड बोलून काम काढून घ्यायची तुझी कला लहानपणापासूनची आहे. माझ्या घरी त्यांची झोप उजेडाने कधी मोडली नाही. पुढच्या खोलीला मी दुहेरी पडदे लावले होते. ते बघून तू म्हणाली होतीस, ‘ताई, ही काय गुहा आहे का?’ आता तुलाही पडदा हवा झाला ना? बरं झालं.

मापाच्या जागी तू एवढंच लिहिलंयस: चारी बाजू सारख्या, दीड वीत, दोन बोटं. माप बाबांनी घेतलंय, आणि ते म्हणाले की फोनवर सांगू नकोस, कागदावर लिहून पाठव, मोठीला कळेल.

मोठीला कळणारच. तुला आठवत नसेल, तू दुकानात फक्त दप्तर टाकायला यायचीस. बाबांनी आयुष्यभर गाड्यांचे टप आणि सीटची कव्हरं वितीने मोजून कापली. ‘टेप दमतो, सैल पडतो. हात माझा तोच,’ असं गिऱ्हाइकाला ऐकवायचे. कापायच्या टेबलाच्या कडेला त्यांनी पितळेचे दोन खिळे ठोकून ठेवलेत. या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत त्यांच्या उजव्या हाताची एक वीत. कारागीर त्यावरच माप घ्यायचे. पण ती वीत अर्धांगाचा झटका यायच्या आधीची. आता तो हात किती उघडतो, हे जगात फक्त मला ठाऊक आहे. पाच वर्षं रोज सकाळी ती मूठ मी कोमट तेल लावून, एकेक बोट करून सोडवली आहे. खूप ताणला तरी अंगठ्यापासून करंगळीपर्यंत माझ्या पंजाची रुंदी होते, त्यापुढे नाही. डाव्या हाताने त्यांनी जन्मात माप घेतलेलं नाही. डावा हात कापड धरायला. तेव्हा दीड वीत म्हणजे किती, हे मी डोळे मिटून सांगते. झरोका लहानसाच दिसतोय, शाळेच्या पाटीएवढा. तुझ्या गाडीत त्याहून मोठं काय मावणार म्हणा.

मी गाडी आतून पाहिलेली नाही, हे तू अजून बोलून दाखवतेस. त्या दिवशी तू पायरीवर उभी राहून बोलावत होतीस आणि मी फाटकात औषधांची पिशवी धरून उभी होते. बाबा ‘नुसती बघून येतो’ म्हणून चढले आणि तुझ्या शेजारच्या सीटवर जाऊन बसले. खाली उतरा म्हटलं तर समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत राहिले. लहान मूल पाळण्यातून उतरायला तयार नसतं तसे. मग तू म्हणालीस, महिनाभर फिरवून आणते. मी पिशवी खिडकीतून दिली. त्या गाडीत मी कशासाठी चढायचं होतं? निरोप द्यायला खिडकी पुरली.

महिना केव्हाच उलटला. त्यांना कधी आणतेस ते लिही.

आशीर्वाद आज राहिले.

ताई


१३ मार्च, बुधवार

भिंगरीस,

तू कळवलेल्या मुक्कामाच्या पत्त्यावर पडदा पाठवते आहे. उघडताना कात्री चालवू नकोस, सुतळी सोड. तुझा धसमुसळेपणा मला माहीत आहे.

खालच्या अंगाला काळं जाड कापड घातलंय, त्यातून सूर्याचा बापही आत यायचा नाही. वरच्या अंगाला पांढरं अस्तर आहे, ते झाकणाकडे करायचं, म्हणजे ऊन परत फिरतं. मधे पातळ कापूस भरलाय. कोपरे मी दोनदा उसवून शिवले, कारण पहिल्यांदा एक कोपरा जरासा फुगला होता. तुला तो दिसला नसता. बाबांना दिसला असता.

तू फोनवर म्हणालीस, ‘टिचबटणं लाव, बाबांना टिचबटणंच हवीत.’ बाबांना हवीत की तुला हवीत? अगं, टिचबटण दाबायला अंगठ्यात जोर लागतो. ज्या माणसाच्या शर्टाची बटणं पाच वर्षं मी लावली, तो छताला हात लावून टिचबटणं काढणार? मी वेल्क्रो लावलाय. एक पट्टी पडद्याला आहे, दुसरी मागे गोंद असलेली, ती तू झरोक्याच्या चौकटीला चिकटव. कडेला लांब दोरी सोडलीय. झोपल्या जागेवरून ओढलीस की पडदा खाली. तुला उठायचे कष्ट नकोत, हे लक्षात ठेवूनच केलंय सगळं.

शेजारच्या काकू परवा विचारत होत्या, वडील कुठे दिसत नाहीत? मी सांगून टाकलं, हवापालटाला मीच पाठवलंय, डॉक्टरांनी सांगितलं होतं. तोंडातून निघून गेलं. पोरगी सांभाळत होती आणि बाप दुसरीबरोबर निघून गेला, असं कोणत्या तोंडाने सांगू? काकू म्हणाल्या, ‘बाई, तुला जरा मोकळा श्वास मिळाला असेल.’ मला मेलीला मोकळा श्वास घेऊन करायचंय काय? सकाळी उठते आणि तेल गरम करायला ठेवते, मग आठवतं.

रविवारी फोनवर बाबांनी तो गुराख्याचा आणि दुर्बिणीचा विनोद सांगितला. तू हसत होतीस, तुझे भावोजी हसत होते. मी फोन भावोजींच्या हातात देऊन स्वयंपाकघरात गेले. पाच वर्षांत बाबांनी मला एक विनोद सांगितला नाही. खिडकीत बसायचे, मी विचारलं तर ‘हो’, ‘नको’, ‘राहू दे’. बोलणं जडावलंय असं मीच सगळ्यांना सांगत होते. तुझ्याकडे जाऊन कसं काय सुटलं? राबायचं मोठीने आणि कौतुक भिंगरीचं, हे काही आजचं नाही म्हणा. आयत्या बिळावर नागोबा बसतो, बीळ पोखरणाऱ्याला कोण विचारतं! मला तुझा हेवा वाटतो, आता लिहूनच टाकते. वाटतो म्हणजे पोटात दुखतं.

तू पाठवलेला फोटो बघितला. घडीच्या खुर्चीवर बसलेत, तुझी ती भडक टोपी घातलीय, आणि उजव्या हातावर टॉवेल टाकलाय. हात गार पडतो का? लोकरीचा हातमोजा औषधांच्या पिशवीच्या तळाशी आहे, तो रात्री घाल. अंगठ्याकडून आधी घालायचा, नाहीतर त्यांना दुखतं.

त्यांच्या पलंगावर नवी गादी आणून टाकलीय. उशाशी घंटीपण बसवून घेतली, म्हणजे हाक मारायला नको. दाबली की माझ्या खोलीत वाजते. कधी येताय?

ताई


२७ मार्च, बुधवार

भिंगरीस,

तुझं पत्र आलं, सोबतचा फोटोही. तुला गंमत वाटली, वाटू दे. एवढ्या मोठ्या चौकटीत मधोमध हाताने धरलेला माझा पडदा, चारी बाजूंनी उजेड, आणि खाली तू लिहिलंयस, ‘हत्तीच्या पाठीवर रुमाल’. बाबाही हसले म्हणे, हसता हसता ठसका लागला. त्यांना पाणी देताना पाठीवर हात फिरवावा लागतो, फिरवलास का?

पाच वर्षांत माझ्या हातून एक कापड वाया गेलं नाही. लोकांचे पडदे शिवते, कुणाचा एक आला नाही परत. आणि माझ्या बापासाठी शिवलेला पडदा हातरुमाल निघावा? चूक माझी नाही. चूक तुझी आहे. बाबांनी काही सांगितलं असेल, तू काही ऐकलं असशील, आणि काही लिहिलं असशील. नाचता येईना अंगण वाकडं, आणि वर तू मलाच हसतेस. आता टेपने मोजून पाठवलंयस ना, तसं आधीच पाठवलं असतंस तर? चौकट पंधरा इंच म्हणे. पंधरा इंच म्हणजे दीड वीत नि दोन बोटं कशी होईल? कुणाची वीत? तुझी? तुझी वीत ती केवढी! भावोजींची घेतली तरी होत नाही, आत्ता टेबलावर त्यांचा पंजा ठेवून बघितला. एवढा पंजा कुणाचा असणार, आपल्या ओळखीत तर

थांब.

मागच्या खोलीत जाऊन आले. कापायचं टेबल तिथे भिंतीला लावून ठेवलंय, वर गाद्यांचा ढीग. गाद्या खाली ओढल्या. खिळे काळे पडलेत. टेप लावला. एका खिळ्यापासून दुसऱ्यापर्यंत एक, मग त्याच्या निम्मं, मग माझी दोन बोटं.

पंधरा इंच.

भिंगरे, त्यांचा हात उघडतो?

पूर्ण उघडतो? खिळ्यापासून खिळ्यापर्यंत?

मघाशी पत्र तसंच टाकून मागच्या दारी जाऊन बसले होते. तुझे भावोजी आले, काय झालं म्हणाले. मी सांगितलं, बाबांचा हात उघडला. ते म्हणाले, ‘अगं मग रडतेस काय, ही तर पेढे वाटायची गोष्ट.’ मी आनंदाने रडत नव्हते. तुझ्याशी खोटं बोलून काय मिळणार. मला आनंद व्हायला हवा होता आणि आधी झाला नाही. आधी आग झाली नुसती. पाच वर्षं मी जी मूठ सोडवत बसले, ती माझ्या हातात उघडली नाही आणि तुझ्याकडे दोन-तीन महिन्यांत उघडली. माझ्या तेलात काय कमी होतं? माझ्या हातात काय कमी होतं? रात्र रात्र मी त्यांच्या कुशी बदलल्या आहेत, आणि तू? तू तर सुट्टीवर असल्यासारखी गाडी चालवतेस!

आनंद नंतर झाला. थोडा. पण आधी जे झालं ते झालं.

कसं झालं ते लिही. काही लपवू नकोस. कोणता डॉक्टर, कोणतं औषध, कोण व्यायाम घेतं. फोन करू नकोस. मला बाबांच्या समोर हे ऐकायचं नाही.

ताई


१२ एप्रिल, शुक्रवार

भिंगरीस,

तुझं उत्तर इतक्या वेळा वाचलंय की घडीवर कागद फाटायला आला.

डॉक्टर नाही. औषध नाही. व्यायाम नाही. झरोका! त्या झरोक्याला आतून एक गोल मूठ आहे, ती फिरवली की झाकण वर उचललं जातं. पहिल्या आठवड्यात बाबांनी तुला सकाळी हाक मारली, ‘भिंगरे, गुदमरतंय, झाकण उघड.’ आणि तू पांघरुणातून काय उत्तर दिलंस? ‘बाबा, मूठ तुमच्या डोक्यावरच आहे, तुम्हीच फिरवा ना, मला झोपू द्या.’ शाबास! बापाला झटका आलेला, हात वळलेला, आणि पोरगी म्हणते मला झोपू द्या.

आणि त्यांनी फिरवली. पहिल्या दिवशी डाव्या हाताने उजवा धरून, अर्धा वेढा. तू लिहिलंयस की ते तासभर त्याच्याशी झटत होते, शिव्या देत होते, आणि तू डोळे मिटून ऐकत होतीस, पण उठली नाहीस. मुद्दाम उठली नाहीस की आळसाने, ते तुलाच सांगता येत नाही म्हणतेस. तेवढं खरं बोललीस. मग रोज सकाळी उघडायचं, रात्री लावायचं, पाऊस आला की घाईने लावायचं. मग शर्टाची बटणं. मग चहाचा डबा. उजेडाने जाग येते म्हणून पडदा हवा, पण पडदा त्यांनाच काढता यायला हवा, कारण मूठ त्याच्या वर आहे. म्हणून टिचबटणं. सगळं तू सांगत होतीस आणि मी कानात बोळे घालून बसले होते.

व्यायामवाली बाई पहिल्याच वर्षी म्हणाली होती, त्यांचं त्यांना करू द्या, सांडलं तर सांडू द्या. मी तिला म्हटलं, तुमचे वडील असते तर सांडू दिलं असतं का? पुढच्या महिन्यापासून तिला बोलावलंच नाही. माझ्या कष्टाने जे झालं नाही ते तुझ्या आळसाने झालं, हे मला कितीही दिवस गेले तरी गिळता येणार नाही. देव तरी कुणाच्या पारड्यात काय टाकेल! मी उठत राहिले आणि हात मिटलेला राहिला. तू झोपून राहिलीस आणि हात उघडला.

पण त्याहून मला लागलं ते तुझं शेवटचं पान.

तू विचारलंस, ताईला सांगू का हात सुटलाय म्हणून. आणि बाबा म्हणाले, ‘सांगू नकोस. माप पाठव. मोठी खिळ्यांवर लावून बघेल, तिला कळेल. तिच्याशिवाय कुणाला कळणार नाही.’ फोटो काढताना हातावर टॉवेलही त्यांनीच टाकला, आधी कळू नये म्हणून. फोनवर नको, कागदावर पाठव, हेही त्याचसाठी. रोज विचारायचे म्हणे, मोठीचं काही आलं का. आणि पार्सल आलं तेव्हा स्वतः सुतळी सोडली. आधी हसले. मग तो एवढासा पडदा मांडीवर घेऊन त्यावर उजवा हात पसरून बसले. हात चारी बाजूंनी बाहेर येत होता. तू विचारलंस काय झालं, तर म्हणाले, ‘मोठीने आजाऱ्याचं माप धरलं.’

एवढंच म्हणाले. रागावले नव्हते, असं तू दोनदा लिहिलंयस. रागावले असते तर बरं झालं असतं.

तो मापाचा निरोप माझ्यासाठी होता. तुला त्यातलं काही कळत नव्हतं, तू नुसती टपालवाली. त्यांनी इतक्या लांबून मला एकटीला सांगितलं, माझ्याच भाषेत सांगितलं, आणि मी खिळे बघायलाच गेले नाही. त्यांची वीत मला पाठ आहे, या तोऱ्यात मी राहिले. पाच वर्षं मी त्यांना त्या मुठीएवढंच धरून ठेवलं होतं, हे मला कापड कापतानाही कळलं नाही.

आज दुसरं काही लिहवत नाही. हे पत्र त्यांना वाचून दाखवू नकोस.

ताई


२१ एप्रिल, रविवार

भिंगरीस,

मोठं पार्सल येईल. काल पोस्टात बाईने विचारलं आत काय, तर मी म्हटलं झरोक्याचं झाकण. ती माझ्याकडे बघतच राहिली.

आधी घरचं सांगते. पुढची खोली रिकामी केली. पलंग, नवी गादी, घंटी, सगळं मागच्या खोलीत नेलं, आणि कापायचं टेबल पुढे आणलं, झटक्याआधी दुकान होतं तेव्हा ते जिथे असायचं तिथेच, खिडकीच्या उजेडात. तुझ्या भावोजींची कंबर लचकली. ‘तुझ्या बापाचं टेबल आहे की तोफ?’ म्हणाले. दुहेरी पडदे काढून टाकले. जमिनीवर टेबलाच्या पायांच्या जुन्या खुणा होत्या, त्यावर ते बरोबर बसलं. खिळे चिंचेने घासले, आता लखलखताहेत. काकू डोकावून गेल्या, ‘वडील येताहेत वाटतं?’ मी म्हटलं, ‘माहीत नाही. ते फिरताहेत.’ खरं सांगायला काही लागत नाही असं दिसतं.

नवा पडदा त्या खिळ्यांवर कापलाय. टेप हातात घेतला नाही. एक वीत, अर्धी वीत, दोन बोटं. टिचबटणं लावलीत. त्यातली नर बाजू चौकटीत स्क्रूने बसवायची आहे, ती पुडी वेगळी आहे. कुठे बसवायची ते बाबा खूण करतील, तू फक्त पडदा धर. लांब दोरी काढून टाकली. त्याऐवजी एका कोपऱ्याला कातड्याची छोटी जीभ शिवलीय, अंगठा आणि बोट एवढ्यात धरून ओढता येईल अशी. जुन्या सीट कव्हरचं कातडं आहे, त्यांच्या हातचं. ते ओळखतील.

तीन बाजू मी शिवल्यात. चौथी उघडी आहे. घाबरू नकोस, विसरलेली नाही. असा दुहेरी पडदा उलट्या बाजूने शिवायचा, मग उलटवायचा, आणि उलटवायला एक बाजू उघडी ठेवावीच लागते. शेवटी ती आत दुमडून हाताने शिवायची. दुकानात ती शेवटची बाजू बाबा कुणाला देत नसत. मलाही नाही. कारागिराने कितीही शिवावं, माल मास्तरांच्या, म्हणजे बाबांच्याच, टाक्याने बंद व्हायचा. झटका आल्यापासून ती बाजू मीच शिवत आले. यावेळी सुई हातात घेऊन बसले होते. भावोजी म्हणाले, झोप आता. मी सुई ठेवली आणि कडेला नुसत्या टाचण्या लावल्या.

पुडीत सुई आहे, काळा दोरा आहे, आणि त्यांचं पितळेचं अंगुस्तान आहे. ते माझ्याकडे होतं. शिवताना मी कधीकधी माझ्या बोटात घालायचे. मला सैल होतं, तरी घालायचे. ते तुझ्या गाडीत जाणार, तुझ्या त्या फळीवर कपबशांशेजारी पडून राहणार, याचं मला आजही वाईट वाटतंय. तुझा हेवा गेला असं समजू नकोस. तो जायचा नाही. रोज सकाळी ते झाकण उघडतात तेव्हा तू तिथे असतेस आणि मी नसते. झोपलेली का असेना, तू असतेस.

कधी येता ते यावेळी विचारत नाही. आले तर त्यांना सांग, पलंग मागे आहे, पुढे टेबल आहे, आणि दोन मोटारींची कव्हरं मी कामाला घेतलीत. आजारी माणसाला पुढच्या खोलीत जागा नाही. मास्तरांना आहे. आणि पुढल्या वेळी गाडी दारात लागली तर मी आतून बघणार आहे, पायरी पुसून ठेव.

तो एवढासा पडदा फेकू नका. सुया टोचायची गादी म्हणून चालेल.

हे पत्र त्यांना वाचून दाखव. सगळं. हेव्याचंही.

चौथ्या बाजूचं मात्र नीट ऐक. त्यांना वेळ लागेल. सुईत दोरा जाणार नाही, गेला तर निसटेल, टाके कमी-जास्त पडतील, चिडतील, पडदा भिरकावतील. तू चहा कर, झोप, बाहेर जाऊन बस, काहीही कर, पण त्यांच्या हातातून सुई घेऊ नकोस. ते माझ्याच्याने झालं नसतं. तुझ्याच्याने होईल. मदत न करण्यात तुझा हात कुणी धरणार नाही.

आशीर्वाद. मागचे सगळे धरून.

तुझी ताई